दुर्पताबाई, पोरं बोलायला लागली

दुर्पताबाई,

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत मी चार वेळा तुम्हाला काहीतरी सांगायला म्हणून वर्गातून उठले आणि खिचडीच्या खोलीपर्यंत गेले. दाराशी पोचल्यावर आठवतं. चौथ्या वेळी तर "अहो, ऐकलंत का" एवढं बोलूनही टाकलं होतं. आत तुमची सून तांदूळ निवडत होती. तिनं जरा सरकून मला बसायला जागा करून दिली, बस्स.

रडण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मी रडतेही. पण खरं सांगू? परवापासून माझ्या पोटात बातमी मावत नाहीये. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही. आता ती नीट सांगायची तर सुरुवातीपासून सांगायला हवी, आणि सुरुवातीपासून सांगायचं म्हणजे आधी माझा शहाणपणा सांगावा लागणार. तुम्ही तो गावात कुणालाच सांगितला नाहीत. मीच सांगते.

मी साताऱ्याकडून आले तेव्हा गोंदिया जिल्हा होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, तरी गावातली म्हातारी माणसं पत्ता सांगताना अजून भंडाराच म्हणायची. सालेकशाला गाडीतून उतरून, जंगलाच्या कडेकडेनं आत येऊन मी आपल्या शाळेसमोर उभी राहिले. दोन खोल्या, एक हातपंप, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. मुख्याध्यापक बोपचे गुरुजी आणि मी. तुम्ही शाळेत खिचडी करणाऱ्या बाई. "जयभीम मॅडम" म्हणालात आणि माझी बॅग उचलून आत नेऊन ठेवलीत. त्याच आठवड्यात आहाराच्या वहीवर तुमची खूण हवी होती. मी काही न विचारता शाईचा डबा उघडला आणि तुमच्यासमोर सरकवला. तुम्ही डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पेन द्या ना मॅडम. मले सही येते."

आणि पूर्ण नाव लिहिलंत, नवऱ्याचं, आडनावाचं, सगळं. वेलांट्या माझ्यापेक्षा सुरेख. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईपुढे मी शाईचा डबा ठेवला होता. तुम्ही झाकण लावून तो मला परत दिलात आणि चुलीकडे गेलात. मी तेव्हा 'चुकलं' म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही.

पुढची चूक त्याहून मोठी. पहिली चाचणी झाली तेव्हा तिसरी-चौथीचे बहुतेक कागद कोरे होते. मला वाटलं, पोरं मठ्ठ आहेत. रोज घसा ताणून शिकवत होते. एके दिवशी फळ्यावर उदाहरण लिहिलं: रमेशकडे पंधरा पेरू होते. त्यांपैकी सहा पेरू त्याने मित्रास दिले, तर शिल्लक पेरू किती? दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ओरडून वाचलं. पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसली. दारात तुम्ही पळी घेऊन उभ्या होतात.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा."

"तुमी लेकराईले शिकवून रायल्या, का सोताशीच बोलून रायल्या?"

मी खडू खाली ठेवला. तुम्ही मात्र तोवर पोरांकडे वळला होतात. "अरे, पंधरा जाम होते. सहा देले सोबत्याले. उरले कित्ती?"

"नऊ!"

अख्खा वर्ग ओरडला. छपरावरची कबुतरं उडाली. आणि मागच्या रांगेतली तिसरीची फुलवंता, जी जूनपासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती, तिनं दोन्ही हात वर करून नऊ बोटं दाखवली.

"पेरू म्हनजे जाम, हे त्याईले कोनं सांगतलं नाई," तुम्ही मला म्हणालात. "अन् हा पोट्टा मले इचारते, शिल्लक कोन होय म्हंते. त्याले वाटलं कोनी पोरगी होय."

पोरं हसली, तुम्ही हसलात. मी हसले असते तर किती बरं झालं असतं! पण मला अपमान वाटला. मी डी.एड. झालेली, आणि खिचडीवाली बाई येऊन माझ्या वर्गात उत्तर काढून जाते! त्या दुपारी मी बोपचे गुरुजींकडे गेले आणि सांगितलं, त्या बाईंना वर्गात येऊ देऊ नका, शिस्त बिघडते. गुरुजी भिडस्त माणूस. त्यांनी तुम्हाला सांगितलं, 'वरून' सूचना आहे. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खिचडीच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाहीत.

तक्रार मी केली होती, हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. नंतर आपण किती बोललो, एका ताटात जेवलो, माझ्या लग्नाच्या याद्या तुम्ही केल्यात. तरी ते एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. तुम्हाला ठाऊक होतं का? मला अनेकदा वाटतं, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण वाटणं वेगळं आणि तुमच्या तोंडावर सांगून तुमच्या शिव्या खाणं वेगळं. त्या शिव्या माझ्या राहून गेल्या.

महिनाभर वर्ग पुन्हा मुका झाला. मग केंद्राची, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांची, बैठक झाली. आपली शाळा सगळ्यांत खाली. एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं, पण चहाच्या वेळी चर्चा निघाली की अशा लहान शाळा बंद करून पोरं नाल्यापलीकडच्या शाळेत पाठवायची. पावसाळ्यात तो नाला कसा असतो ते मी त्याच वर्षी पाहिलं होतं. सात वर्षांची पोरगी त्यातून कशी जाणार? परतताना बोपचे गुरुजी एवढंच म्हणाले, "मुली तर घरीच बसतील मॅडम."

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. "दुर्पताबाई, जरा वर्गात येता का?"

"काऊन?"

"ती वजाबाकी... पोरांना पुन्हा सांगाल का?"

तुम्ही पातेल्यात डोकावलात. "आलू शिजले नाई अजून."

आणि मला उभं केलंत! आलू शिजेपर्यंत, चांगली पंधरा-वीस मिनिटं, धुरात. माझे डोळे झोंबत होते आणि तुम्ही शांतपणे पळी फिरवत होतात. मग पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "चला."

तेवढीच काय ती शिक्षा.

त्यानंतरचं दीड वर्ष! माझ्या आयुष्यात मी इतकी कधी हसले नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आपण शब्द लिहायला लागलो. एका बाजूला पुस्तकातला, दुसऱ्या बाजूला घरातला. बटाटा, आलू. बादली, बाल्टी. पिशवी, थैली. पोरं घरून शब्द आणायची, जशी चिंचा आणतात तशी, खिसे भरून. गोंड घरातली पोरं गोंडी शब्द आणायची, पोवार घरातली पोवारी, आणि ज्यांची आई छत्तीसगडकडची, ती म्हणायची जाम नाही, बिही. मग एका पेरूसाठी एका रांगेत तीन शब्द! तुम्हाला बहुतेक सगळं यायचं. तेंदूपत्त्याच्या हंगामात सगळ्या जातीच्या बायांबरोबर बसून पानांचे पुडे बांधले, तिथंच शिकले म्हणायचात. मी कॅलेंडर मागून कंटाळले, तर तुम्ही बाजारातल्या किराणा दुकानदाराकडून मागच्या पाच वर्षांची घेऊन आलात.

आणि भांडणं? ती तर रोजच. मी म्हणायचे, "शब्द सांगा, पण वाक्य शुद्ध बोलायला शिकवू दे मला." तुम्ही भांडं आपटायचात.

"सुद्ध त पानी रायते मॅडम. बोली कायची सुद्ध अन् असुद्ध?"

"उद्या तालुक्याला गेल्यावर लोक हसतील त्यांना."

"हसू द्या. तुमी आल्या तवा आमी तुमाले कमी हसलो का?"

मला ते पटायचं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पुस्तकाची भाषा पोरांना यायलाच हवी, नाही तर प्रत्येक परीक्षेत, प्रत्येक कचेरीत ती दारातच थांबतील. तुमचं म्हणणं, पुस्तकानंही दोन पावलं यावं की इकडे. शेवटचं भांडण होळीच्या आसपास झालं. तुम्ही म्हणालात, "आता खिचडी करपन, बाकीचं मंग बोलू." ते 'मंग' तसंच राहिलं. मी माझ्या बाजूचे दोन चांगले मुद्दे तयार ठेवले होते. ऐकवायचे कुणाला?

दरम्यान एक निळी व्हॅन गावात यायला लागली, तालुक्याच्या इंग्रजी शाळेची. आपली चार पोरं तिच्यात गेली. आणि त्याच सुमारास कळलं, मार्चअखेरीस बाहेरचं पथक येणार. दुसऱ्या तालुक्यातले शिक्षक येऊन एकेका पोराला उभं करून वाचायला लावणार, गणित घालणार. बोपचे गुरुजी हळूच म्हणाले, "उत्तरं थोडी पाठ करून घ्यायची का?" तुम्ही चुलीपासूनच म्हणालात, "गुरुजी, पाठ त पोपटई करते." झालं, विषय संपला.

पण मार्चअखेर म्हणजे मोहाचा हंगाम. तुम्हीच मला शिकवलं होतं, फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, आणि पोरांचे हात त्यात मोठ्या माणसांपेक्षा चपळ. त्या दिवसांत निम्मी शाळा झाडाखाली असायची. कुणाला दोष देणार? वर्षभराची मीठ-मिरची त्या फुलांवर. पथक सकाळच्या शाळेलाच येणार होतं. तेवीस पटातली दहा पोरं समोर असली तर कसला निकाल आणि कसली शाळा?

आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही घराघरात फिरलात. मी मागे मागे. माझ्या मनात भाषण तयार होतं, शिक्षणाचं महत्त्व वगैरे. तुम्ही ते तोंडाबाहेर पडूच दिलं नाहीत. अंगणात उभं राहून एकेका बाईला म्हणालात, "उद्या तुया पोट्टीच्या वाट्याचा मोहा आमी येचून देतो. पोट्टी स्कूलमंदी पायजे."

फुलवंताची आई म्हणाली, "तू कोनाकोनाचा येचशीन बाई? दोन हात आहेत तुले."

"माये दोन, तुये दोन. मोजत जाय."

आणि दुर्पताबाई, सकाळी मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. उजाडायच्या आधी अर्ध्या गावच्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या. ज्यांची पोरं शाळेत नाहीत त्यासुद्धा. ज्यांची पोरं निळ्या व्हॅननं जातात त्यातलीही एक! कुणाचं झाड कुठलं, हे न बघता सगळ्यांनी सगळ्यांची फुलं वेचली, आणि पोरं तेल लावून, भांग पाडून, सातच्या आत शाळेत हजर. तेवीसच्या तेवीस! मी हजेरी दोनदा घेतली. तुम्ही धापा टाकत आलात, केसांत मोहाचं फूल अडकलेलं, हाताला तो गोडसर वास, आणि लगेच चूल पेटवलीत.

पथकातले सर कडक होते. मी तुम्हाला बजावलं होतं, दारात यायचं नाही. तुम्ही काय केलंत? खिचडीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलात. "लेकरं दिसले का मायं तोंड आपोआप बोलते," म्हणालात.

सरांनी नेमकं फुलवंतालाच उभं केलं. उदाहरण वाचलं, आणि तेही काय सुंदर पुस्तकी मराठीत! ती गप्प. पाच सेकंद, दहा सेकंद. मग तिचे ओठ हलायला लागले. ती प्रश्न स्वतःशीच आपल्या बोलीत म्हणत होती. मला ऐकू आलं नाही, पण कळलं. मग तिनं मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "शिल्लक सत्तावीस, सर."

शिल्लक! ती शिल्लक म्हणाली!

भिंतीपलीकडून पळी पडल्याचा आवाज आला. सरांनी चमकून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही सर, खिचडी होतेय." पथक गेल्यावर मी धावत आले तर तुम्ही अजून भिंतीकडेच तोंड करून उभ्या. "ते फुलवंताच होय ना? बोलली ना? सांगा ना मॅडम, बोलली ना?" मी तुम्हाला मिठी मारली. आपण दोघी त्या धुरात उड्या मारत होतो आणि पहिलीची पोरं दारात उभी राहून आपल्याला बघत होती.

ती आपली शेवटची मोठी मजा ठरेल, असं कोणाला वाटलं असतं! महिनाभरात ताप आला आणि तीन दिवसांत तुम्ही गेलात. त्याबद्दल मी लिहिणार नाही. शाळेतून निघालेली तेवीस पोरं रांगेनं तुमच्या मागे चालत होती, एवढंच सांगते. त्यांना रांग लावायला मी सांगितलं नव्हतं.

आता बातमी.

परवा महाराष्ट्र दिन. झेंडावंदन झालं, निकालाचे कागद वाटायचे होते. केंद्रप्रमुख स्वतः आले. हातात लखोटा. म्हणाले, पथकाचा अहवाल आलाय. गेल्या खेपेला केंद्रात सगळ्यांत खाली असलेली आपली शाळा, दुर्पताबाई, दुसरी आली! वरून दुसरी! बोपचे गुरुजींनी डोळ्यांवरचा चष्मा काढला तो पुन्हा घालायलाच विसरले. बाया तर ऐकेनातच. फुलवंताची आई उठून उभी राहिली, "साहेब, आमीबी येचलो त्या दिवशी. आमचाबी नंबर लावा!" साहेबांना काही कळलं नाही, पण हशा एवढा झाला की तेही हसले. ज्या बाईनं आपली पोरं व्हॅनमध्ये घातली होती तिनं तिथंच मला विचारलं, "जूनमंदी नाव टाकता येते ना मॅडम, मोठीचं?" मी म्हटलं, दोघींचं टाका.

तुमचे यजमान मागे कडुलिंबाखाली बसले होते. ते सावकाश पुढे आले आणि साहेबांना म्हणाले, "त्या कागदात का लिवलं आहे ते पुरं वाचा. मले घरी जाऊन तसंच्या तसं सांगाचं आहे." कोणाला सांगायचंय, हे कुणी विचारलं नाही.

साहेबांनी कागद माझ्याकडे दिला. मला अक्षरं दिसेनात. मी तो फुलवंताला दिला.

ती फळ्याजवळच्या पायरीवर उभी राहिली. कागद दोन्ही हातांत धरला, छातीशी नाही, चांगला लांब, सगळ्यांना दिसेल असा. आणि वाचायला लागली. "सदर शाळेची..." इथं ती थांबली. बायांकडे बघितलं. "सदर म्हनजे आपलीच." पुन्हा कागदाकडे. "सदर शाळेची प्रगती प्रशंसनीय आहे. म्हनजे आमी मस्त केलं."

कुणी शिट्टी वाजवली. साहेब पुढे झुकले. मी तिला थांबवलं नाही, दुर्पताबाई, शपथेवर सांगते, एक शब्दही दुरुस्त केला नाही.

"विद्यार्थ्यांचे आकलन समाधानकारक आहे."

मागून तुमच्या यजमानांनी विचारलं, "आकलन म्हनजे का बाई?"

फुलवंतानं कागद खाली घेतला. जरा विचार केला. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली,

"म्हनजे आमाले समजते, बाबाजी. पयलेबी समजतच होतं."